सही कोणाची? लंडनच्या एका तिकिटाचं प्रकरण

१२ जून २०२५ रोजी दुपारी चारच्या सुमारास बाई आमच्याकडे आल्या, तेव्हा त्यांच्या हातांना आळिवाच्या लाडवांचा वास येत होता. लाडू वळता वळता कोणाचा तरी फोन आला, टीव्ही लावला आणि तशाच त्या समोरच्या इमारतीतून निघून आल्या. दारातूनच विचारलं, "भाऊ, माझंही विमान हेच आहे का हो?"

आमच्याकडेही टीव्ही चालूच होता. लंडनला निघालेलं एअर इंडियाचं विमान उडताच कोसळलं होतं. अहमदाबादच्या मेडिकल कॉलेजचं वसतिगृह, त्याच्या भिंतीत घुसून बसलेली विमानाची शेपटी. मी बाईंचं तिकीट हातात घेतलं. कंपनी वेगळी होती, विमानाची जात तीच. बोइंग ७८७. तारीख २० जून, मुंबईहून थेट लंडन.

बाईंचं वय ६७. निफाड तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या. यजमान नाहीत. मुलगा, सून इथे नाशिकच्या गंगापूर रोडलाच, मुलगा अंबडला एका कारखान्यात. लेक लंडनला, तिचं पहिलंच बाळंतपण आणि दिवस भरत आलेले. तिकीट मार्चमध्येच काढून ठेवलं होतं. बॅगेत डिंक, सुंठ, बाळंतशोपा, जुन्या मऊ नऊवारीचे तुकडे भरून झाले होते. गाडीही ठरली होती. आठवडाभरापूर्वीच, ५ जूनला, समृद्धीचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाला होता, त्यामुळे कसाऱ्याचा घाट टळणार म्हणून मुलगा खुशीत होता.

हे सगळं प्रकरण मी लिहून ठेवतोय त्याचं कारण सरळ आहे. मी नोकरीची सगळी वर्षं विमानांच्या तपासणीत काढली. दुसऱ्याने केलेलं काम पाहायचं, मोजायचं, आणि पटलं तर कागदावर आपला शिक्का मारायचा, हे माझं काम. इतक्या वर्षांत विमानात बसावं की नाही असं मला घरच्या माणसाने कधी विचारलं नव्हतं. बाईंनी विचारलं, आणि मी दिलेलं पहिलं उत्तर चुकलं. त्या चुकीची किंमत बाईंनी मोजली.

त्या संध्याकाळी

मुलगा कामावरून आला आणि त्याने आकडे मांडले. २०२२ या एका वर्षात देशातल्या रस्त्यांवर १ लाख ६८ हजार माणसं गेली. "आई, तू मुंबईला मोटारीने जाणार ना, तोच प्रवास जास्त धोक्याचा." त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. ऑक्टोबर २०२२ मध्ये आपल्याच औरंगाबाद रोडवर पहाटे खासगी बस ट्रेलरला धडकून पेटली आणि १२ जण गेले. त्यानंतर आपण बसने जायचं सोडलं का, असं त्याने विचारलं.

बाई म्हणाल्या, "बसचा ड्रायव्हर मला दिसतो. डुलकी लागलेली दिसली तर मी ओरडते, गाडी थांबव म्हणते, उतरून जाते. विमानात मी कोणाला ओरडू?"

मी मुलाच्या बाजूने बोललो. सांगितलं की ७८७ ऑक्टोबर २०११ पासून प्रवासी वाहतुकीत आहे, अकराशेहून जास्त विमानं बनली आहेत, आणि या जातीचं विमान कोसळून माणसं गेल्याची ही पहिलीच वेळ. जानेवारी २०१३ मध्ये त्याच्या लिथियमच्या बॅटऱ्या तापून धूर झाला, तेव्हा जगातली सगळी ७८७ जमिनीवर उभी केली होती. बॅटरीभोवतीची पेटी नव्याने करून, तपासून, एप्रिलमध्येच पुन्हा उडू दिली. म्हणजे यंत्रणा जागी असते. शेवटी म्हणालो, "सगळं तपासूनच सोडतात, बाई."

त्या काही वेळ गप्प बसल्या. मग शिरसगावचं काढलं. ४ जून २०२४ रोजी निफाडच्या शिरसगावात सुखोई शेतात कोसळलं होतं. त्या परिसरातल्या दोन पिढ्या बाईंच्या हाताखालून गेलेल्या, त्यामुळे कोणी काय पाहिलं हे त्यांना घरबसल्या कळलं होतं.

"दोघंही वैमानिक खुर्चीसकट बाहेर फेकले गेले आणि वाचले. माझ्या खुर्चीखाली असलं काही नसणार. म्हणजे मी माझा जीव सगळाच्या सगळा दुसऱ्याच्या हातात देऊन बसणार. तर तो दुसरा कोण, एवढं मला सांगा. नाव-गाव नको. पण चुकलं तर 'हे मी केलं होतं' म्हणणारा कोणी असतो का?"

मी पुन्हा म्हणालो, "असतात हो, सगळं तपासतात."

बाई उठून गेल्या. रात्री मुलाने सांगितलं की आईने तारीख पुढे ढकलायला लावली, ३ जुलै. वर पैसे भरावे लागले, ते गेले. २६ जूनला लेकीला मुलगी झाली. बाई नाशिकमध्ये होत्या.

'सगळं तपासतात' या वाक्यात कर्ताच नाही, हे माझ्या लक्षात यायला दोन दिवस गेले. बाईंनी कर्ता विचारला होता. जन्मभर व्याकरण शिकवलेल्या बाईला मी बिनकर्त्याचं वाक्य दिलं, आणि तेही अशा धंद्यात जन्म काढून जिथे कर्त्याशिवाय एक स्क्रूसुद्धा फिरत नाही.

पाना

तिसऱ्या दिवशी मीच त्यांच्याकडे गेलो आणि त्यांना एक जुनी गोष्ट सांगितली.

हँगरमध्ये हत्यारांची फळी असते. प्रत्येक पान्याची, पक्कडीची, आरशाची जागा त्याच्याच आकारात रंगवलेली. हत्यार जागेवर नसलं की रंगवलेला आकार उघडा दिसतो, दूरूनही दिसतो. एकदा रात्रपाळी सुटायच्या वेळी एक छोटा पाना कमी भरला आणि तो माझ्या नावावर होता. कोणालाही घरी सोडलं नाही. दिवसभर ज्या विमानावर काम झालं होतं त्याची बसवलेली झाकणं पुन्हा उघडली. माणसं बॅटऱ्या घेऊन पोटाखाली, पंखाच्या मुळाशी, चाकाच्या खोबणीत शिरली. विमानात राहिलेला पाना कंट्रोलच्या तारेत अडकला तर वैमानिकाच्या हातातली काठी हलणार नाही, हे तिथे प्रत्येकाला ठाऊक असतं.

पहाटे साडेतीनला पाना सापडला. माझ्याच डब्याच्या पिशवीत, हात पुसायच्या फडक्यात गुंडाळलेला. मी सगळ्यांसमोर सांगितलं, चूक माझी. कोणी आवाज चढवला नाही. वहीत नोंद झाली: कोणता पाना, कोणाच्या नावावर, किती वाजता कळलं, कुठे सापडला. खाली माझी सही, तिच्याखाली शोधणाऱ्याची, तिच्याखाली त्या रात्रीच्या मुख्य तपासनिसाची. झाकणं बसली, त्या बसवण्याच्याही सह्या झाल्या, आणि दुसऱ्या दिवशी ते विमान उडालं. ती नोंद नसती तर उडालं नसतं.

बाईंना मी शिक्क्याचंही सांगितलं. काम करणारा वेगळा आणि तपासणारा वेगळा. तपासणाऱ्याच्या शिक्क्यावर त्याचा नंबर असतो. शिक्का उसना द्यायचा नाही, टेबलावर सोडून चहाला जायचं नाही. पुढे वीस वर्षांनी कोणी ते पान उघडलं तरी अमुक बोल्ट अमुक दिवशी कोणी आवळला आणि कोणी पाहिला, हे निघालं पाहिजे. प्रवासी विमानालाही हीच रीत लागू आहे.

बाईंनी विचारलं, "मग थोडा बिघाड असलेलं विमान कधीच उडत नाही?"

उडतं. हे मी लपवलं नाही. कोणता बिघाड असताना उडता येईल याची प्रत्येक विमानाची मंजूर यादी असते आणि प्रत्येक बिघाडाला मुदत असते. काहींना ३ दिवस, काहींना १०, अगदी किरकोळ असेल तर १२०. मुदत संपली की विमान उभं. ती मुदतही कोणाच्या तरी सहीनेच सुरू होते. ऐकून बाईंचा चेहरा पडेल असं मला वाटलं होतं, पण उलट त्या सावरून बसल्या. "हे कोणी सांगत का नाही?" म्हणाल्या. खरं सांगितलेल्या गोष्टीची माणसाला भीती कमी वाटते, असा माझा तरी अनुभव आहे.

कर्ता कुठे हरवतो

मात्र शिक्क्याची गोष्ट सांगून थांबणं अर्धवट झालं असतं. अलीकडच्या मोठ्या अपघातांत बाईंच्या प्रश्नाला काय उत्तर मिळालं, तेही मला सांगावं लागलं. पुढचे काही दिवस संध्याकाळी आम्ही तेच बोलत होतो.

२९ ऑक्टोबर २०१८. इंडोनेशियाच्या लायन एअरचं बोइंग ७३७ मॅक्स जावाच्या समुद्रात कोसळलं, १८९ माणसं गेली. मुख्य वैमानिक दिल्लीचा, भव्य सुनेजा, वय अवघं ३१. १० मार्च २०१९ रोजी इथिओपियात त्याच जातीचं दुसरं विमान पडलं, १५७ गेले, त्यात चार भारतीय. पहिल्या अपघातानंतर बोट वैमानिकांकडेच गेलं होतं. मग कळलं की विमानात एमकॅस नावाची एक स्वयंचलित व्यवस्था बसवली होती. ती विमानाचं नाक आपोआप खाली दाबायची, आणि त्यासाठी नाकाजवळच्या एकाच सेन्सरवर विसंबून राहायची. तो सेन्सर चुकला की ती पुन्हा पुन्हा नाक दाबत राहायची. आणि वैमानिकांच्या पुस्तकात तिचं नावसुद्धा नव्हतं. विमान बनवणाऱ्यांनी आपलंच बरंचसं प्रमाणपत्राचं काम सरकारी खात्याच्या वतीने आपल्याच माणसांकडून करून घेतलं होतं. करणारा आणि तपासणारा वेगळा हवा, हा जो नियम मी पान्यापासून पाळला, तो तिथे वरच्या मजल्यावर ढिला पडला होता.

पुढे काय झालं? डिसेंबर २०१९ मध्ये बोइंगच्या मुख्य अधिकाऱ्यांना पद सोडावं लागलं. जानेवारी २०२१ मध्ये कंपनीने अडीच अब्ज डॉलरची तडजोड केली, त्यातला सर्वात मोठा वाटा विमान कंपन्यांच्या भरपाईचा होता आणि मृतांच्या वारसांसाठी ५० कोटी डॉलर. फौजदारी खटला एकाच माणसावर चालला, कंपनीच्या एका माजी वैमानिकावर, आणि मार्च २०२२ मध्ये ज्युरीने त्याला निर्दोष सोडलं. नोव्हेंबर २०२५ मध्ये सरकारच्याच विनंतीवरून न्यायाधीशांनी कंपनीवरचा फौजदारी खटलाही काढून टाकला. ३४६ माणसं गेली, आणि 'मी केलं' असं न्यायालयात एकाही माणसाच्या तोंडून आलं नाही.

दुसरं उदाहरण तर आमच्या बोलण्याच्या ऐन दिवसांतच पुन्हा बातमीत आलं. ५ जानेवारी २०२४ रोजी अमेरिकेत अलास्का एअरलाइन्सच्या मॅक्स विमानाचा, दरवाजाच्या जागी बसवलेला भिंतीचा तुकडा हवेतच उडून गेला. त्या भोकाला लागून असलेली खुर्ची सुदैवाने रिकामी होती. कोणी दगावलं नाही. तपासात निघालं की तो तुकडा जागेवर धरून ठेवणारे चार बोल्ट बसवलेच नव्हते. कारखान्यात शेजारचे रिव्हेट दुरुस्त करायला तो उघडला, परत लावला, आणि उघडल्याची नोंदच कोणी केली नाही. नोंद नाही म्हणून तपासायला कोणाला बोलावलं नाही. २४ जून २०२५ रोजी तिथल्या तपास मंडळाने निष्कर्ष जाहीर केला आणि दोष एका कामगारावर ठेवला नाही. प्रशिक्षण, सूचना आणि देखरेख देण्यात कंपनी कमी पडली, असं म्हटलं. तो तुकडा कोणत्या हातांनी उघडला हे शेवटपर्यंत निघालं नाही. ही बातमी वाचताना माझ्या अंगावर काटा आला. चार बोल्ट राहून जाणं समजू शकतो, माणूस विसरतो. पण ते पान कोरं असणं मला समजत नाही.

जॉन बार्नेट यांच्याबद्दल मी बाईंना हळूच सांगितलं, कारण ते माझ्याच कामाचे होते. बोइंगमध्ये तीस वर्षांहून जास्त काळ, शेवटी ७८७ च्याच कारखान्यात दर्जा तपासणारे. धातूचे कीस वायरिंगजवळ राहतात, सदोष भाग नोंदीतून नाहीसे होतात, असं ते सांगत राहिले. कंपनी ते नाकारत आली. मार्च २०२४ मध्ये कंपनीविरुद्धच्या दाव्यात जबाब देण्याच्या दिवसांतच त्यांनी आयुष्य संपवलं. "शिक्का मारायला नाही म्हणणाऱ्याच्या पाठीशी कोण उभं राहतं?" असं बाईंनी विचारलं. हाही बरोबर प्रश्न होता.

आणि कोझिकोड. ७ ऑगस्ट २०२०. कॅप्टन दीपक साठे आपल्याकडचे, हवाई दलात मोठी कारकीर्द झालेले, म्हणून बाईंना नाव आठवत होतं. पाऊस, टेबलासारख्या डोंगरावरची धावपट्टी, पाठीमागून वारा. विमान धावपट्टीवर फार पुढे जाऊन टेकलं आणि दरीत गेलं. दोन्ही वैमानिकांसह २१ जण गेले. अहवालात संभाव्य कारण म्हणून वैमानिकाने कार्यपद्धती न पाळल्याचंच लिहिलं आहे, आणि ते मी नाकारत नाही. पण पुढची पानं वाचली तर दिसतं की काचेवरचा वायपर नीट चालत नव्हता. आणि दुसऱ्या दिवशी सकाळचं विमान नेण्यासाठी त्यांना कोझिकोडलाच पोचणं भाग वाटत होतं, कारण तिथे पुरेसे कॅप्टन ठेवलेले नव्हते. कॅप्टन किती ठेवायचे हे कागदावर ठरवणारा माणूस त्या रात्री पावसात नव्हता. बातम्यांत त्याचा उल्लेखही आला नाही.

दोष नेहमी उताराला लागतो आणि जो उत्तर देऊ शकत नाही त्याच्यापाशी जाऊन थांबतो, हे बाईंपासून मी लपवलं नाही. पण एक वेगळं उदाहरणही होतं. १२ ऑगस्ट १९८५ रोजी जपान एअरलाइन्सचं जम्बो डोंगरावर आदळलं, ५२० माणसं गेली, चार वाचली. सात वर्षांपूर्वी त्या विमानाची शेपटी धावपट्टीला घासली होती आणि तेव्हा बोइंगच्या माणसांनी आतली हवाबंद भिंत चुकीची जोडली होती. जिथे रिव्हेटच्या दोन रांगांनी भार घ्यायचा तिथे एकाच रांगेवर आला. सात वर्षं रोज फुगून-आकसून ती भिंत अखेर फाटली. बोइंगने ती दुरुस्ती चुकल्याचं काही आठवड्यांतच मान्य केलं. जपान एअरलाइन्सच्या अध्यक्षांनी राजीनामा दिला, मृतांच्या घरच्यांसमोर वाकून माफी मागितली. आणि २००६ पासून ती फाटलेली भिंत जपान एअरलाइन्सने स्वतःच्या सुरक्षा केंद्रात मांडून ठेवली आहे. नव्या कर्मचाऱ्यांना ती दाखवतात. खटला तिथेही कोणावर उभा राहिला नाही, हेही सांगायला हवं. पण चूक झाकून ठेवली नाही.

एक ईमेल

दरम्यान बाईंनी स्वतः विमान कंपनीला लिहिलं. मुलाने इंग्रजी करून दिलं. तीन प्रश्न होते: ३ जुलैला मी बसणार ते विमान कोणतं, १२ जूननंतर त्याची काही वेगळी तपासणी झाली का, आणि झाली असेल तर ती कोणत्या दर्जाच्या माणसाने केली. मी सांगितलं होतं की नावं मिळणार नाहीत, ती देऊही नयेत, कारण कामगाराला प्रवाशांच्या तोंडी देणं चुकीचं आहे. पण बाकीचं सांगता येण्यासारखं आहे.

चार दिवसांनी उत्तर आलं. सुरक्षितता हीच आमची सर्वोच्च प्राथमिकता, आपल्या संयमाबद्दल आभार, प्रवासासाठी शुभेच्छा. बाईंनी ते मला मोठ्याने वाचून दाखवलं आणि फोन उलटा करून टेबलावर ठेवला. "तीन प्रश्न होते. एकालाही हात लावलेला नाही. हा पेपर मी तपासला असता तर शून्य दिलं असतं."

या जागी मला विमान कंपन्यांना मनापासून काही सांगायचं आहे. उत्तर अस्तित्वात असतं. प्रत्येक विमानाच्या लॉगबुकात ते असतं, तारखेसह, सहीसह. आपल्याकडे तर डीजीसीएने, म्हणजे सरकारच्या विमान वाहतूक खात्याने, १३ जूनलाच एअर इंडियाच्या ७८७ ताफ्यासाठी जादा तपासण्यांचा आदेश काढला होता, इंधनाची मापं, इंजिनाचं इलेक्ट्रॉनिक नियंत्रण, ऑइल, हायड्रॉलिक, एकेक बाब नाव घेऊन. तो कागद जाहीर होता आणि वाचल्यावर माणसाला काहीतरी हाताशी लागतं. ज्या धंद्यात प्रत्येक बोल्टमागे सही असते त्या धंद्याने प्रवाशाला मात्र बिनसहीचं पत्र पाठवावं, याचं मला फार वाईट वाटतं.

बाई ३ जुलैला गेल्या. भीती गेली होती म्हणून नव्हे. लेकीने व्हिडिओवर नातीला दाखवलं आणि म्हणाली, "आई, हिला तेल कसं लावायचं ते मला कळत नाही." नऊ लाडू वाटेत फुटले, असा पहिला निरोप आला.

अहवाल

१२ जुलैच्या पहाटे अहमदाबादचा प्राथमिक अहवाल आला, १५ पानांचा. विमानाने जमीन सोडल्यावर काही सेकंदांतच दोन्ही इंजिनांचे इंधनाचे स्विच एकामागून एक, सेकंदभराच्या अंतराने, 'रन'वरून 'कटऑफ'वर गेले. एक वैमानिक दुसऱ्याला विचारतो, तू बंद का केलंस? दुसरा म्हणतो, मी नाही केलं. दहाएक सेकंदांनी स्विच परत 'रन'वर आले, एक इंजिन सावरूही लागलं, पण उंची उरली नव्हती. विमानातले २४१ आणि जमिनीवरचे १९, मिळून २६० माणसं गेली. एकच प्रवासी वाचला.

त्या सकाळी कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर दोन फेऱ्या होईपर्यंत निकाल लागला होता: "पायलटनेच केलं." मी तिथे उभं राहून चारचौघांना सांगितलं की अहवालात असं कुठेही लिहिलेलं नाही. कोणी केलं, का झालं, हे त्यात नाही. आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे अशा तपासाचा हेतूच पुढचा अपघात टाळणं हा असतो, दोष वाटणं हा नसतो. दोष ठरवायला न्यायालय वेगळं. दोघांनी ऐकून घेतलं, दोघं चालत राहिले.

त्याच अहवालात आणखी एक बारीक गोष्ट होती आणि बाईंनी लंडनहून फोन करून नेमकी तीच विचारली. डिसेंबर २०१८ मध्ये अमेरिकेच्या विमान खात्याने एक सूचना काढली होती: काही बोइंग विमानांत इंधनाच्या स्विचला असलेली अडकण, जी स्विच उचलल्याशिवाय हलू देत नाही, ती सुटलेली आढळली आहे, तरी पाहून घ्यावं. सूचना ऐच्छिक होती, बंधनकारक नव्हती. म्हणून एअर इंडियाने ती तपासणी केलेली नव्हती. अपघाताचा याच्याशी संबंध आहे असं अहवाल म्हणत नाही, आणि मीही म्हणत नाही. नंतर डीजीसीएने २१ जुलैपर्यंत हे स्विच तपासायला लावले, एअर इंडियाने तपासले आणि दोष सापडला नाही असं कळवलं.

"म्हणजे 'पाहून घ्यावं' असं लिहिलं होतं," बाई म्हणाल्या. "मी फळ्यावर 'गृहपाठ करावा' असं लिहिलं की अर्धा वर्ग करत नसे. 'उद्या वही दाखवायची' लिहिलं की सगळे करत."

यावर मी खूप विचार केला आहे. ऐच्छिक सूचनेत चूक कोणाचीच नसते. लिहिणाऱ्याने लिहिलेलं असतं, वाचणाऱ्याला करणं भाग नसतं, आणि मधे एक जागा रिकामी राहते. माझं मत असं की ऐच्छिक सूचना न पाळायचा अधिकार कंपनीला जरूर असावा, पण 'आम्ही ही तपासणी करत नाही, कारण हे' एवढ्या दोन ओळी लिहून खाली सही करायची सक्ती असावी. बहुतेक वेळा ती सही करताना माणूस थांबतो, आणि तपासणी करून टाकतो. मी थांबलेलो आहे.

पैशाच्या जबाबदारीचं त्या मानाने स्पष्ट आहे. माँट्रियलच्या करारानुसार आंतरराष्ट्रीय प्रवासात मृत्यू झाला तर १,५१,८८० एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं चलन), म्हणजे साधारण पावणेदोन कोटी रुपयांपर्यंत, विमान कंपनीला चूक कोणाची हे न विचारता द्यावंच लागतं. २८ डिसेंबर २०२४ पासून ही मर्यादा आहे. त्याच्या वर मागायचं तर आपली चूक नव्हती हे कंपनीने सिद्ध करायचं. बाईंना हे सांगितलं तेव्हा त्यांनी ऐकून घेतलं आणि नातीच्या कानाला थंडी लागते का, असं विचारून विषय बदलला.

नोव्हेंबरमध्ये मुख्य वैमानिकाचे वृद्ध वडील सर्वोच्च न्यायालयात गेले. प्राथमिक अहवालात वैमानिकावर ठपका नाही, त्याला कोणी दोष देऊ शकत नाही, असं न्यायालयाने त्यांना सांगितलं. ती बातमी मी बाईंना पाठवली. त्यांचं उत्तर एवढंच आलं: "बरं झालं. बापाने हे ओझं घेऊन झोपू नये."

नाशिकला हे सगळं दूरचं वाटायचं कारण नाही. एप्रिल २०२४ मध्ये एचएएल आणि एअरबस यांचा करार झाला आहे, ए-३२० जातीच्या प्रवासी विमानांच्या देखभालीचं केंद्र इथे उभारण्याचा. एचएएलच्या इथल्या ओझरच्या कारखान्याने आजवर लढाऊ विमानं पाहिली. उद्या ज्या विमानात आपलीच बायका-पोरं बसणार त्यांच्या कागदांवर इथल्या, सिन्नर-दिंडोरीकडच्या आयटीआय झालेल्या पोरांच्या सह्या पडतील. माझ्याकडे दोन पोरं अधूनमधून शिकायला येतात. त्यांना मी आधी पान्याचीच गोष्ट सांगतो.

परतीचा प्रवास

जाताना बाईंना मधली खुर्ची मिळाली होती. डिसेंबरमध्ये परतायच्या वेळी मी मुलाला सांगितलं, पुढच्या भागातली खिडकी माग, पैसे पडले तरी. आणि बाईंना सांगितलं की विमान मागे ढकलून झालं की ट्रॅक्टर बाजूला होतो, तेव्हा बाहेर बघा. कानाला हेडफोन लावलेला एक माणूस चालत विमानापासून लांब जाऊन उभा राहील. पुढचं चाक वळवताना ट्रॅक्टरसाठी जी पिन लावतात ती त्याने काढलेली असते. पिनेला लाल पट्टी असते. पिन काढली नाही तर वैमानिकाला चाक वळवता येत नाही, म्हणून तो ती हात उंच करून वर वैमानिकाला दाखवतो. वैमानिक वरून हात करतो. मगच विमान आपल्या पायांनी चालू लागतं. दोन्ही बाजूंना खिडक्या असतात, तो कोणत्या बाजूला उभा राहील सांगता येत नाही, पण बघा.

दुसऱ्या दिवशी बाई सावरकरनगरला उतरल्या तेव्हा मी खालीच होतो. बॅग उतरवायच्या आधी त्यांनी उजवा हात डोक्याच्या वर नेला, मूठ बंद, आणि तसाच धरून ठेवला.

"दिसला," म्हणाल्या. "पिवळं जाकीट होतं. पाऊस पडत होता तिथे. वरून हात होईपर्यंत त्याने खाली घेतला नाही."